गुप्तेबाईंचा निळा थेंब

मी एकतीस वर्षं पोलीस खात्यात होतो. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, तुमची सगळ्यांत मोठी केस कोणती? खून किंवा दरोडा ऐकायला मिळेल असं त्यांना वाटतं. मला आठवतो तो डोंगरातला एक खड्डा. त्यात कोणी मेलं नव्हतं, कोणाला खरचटलंही नव्हतं. पण त्या खड्ड्यापायी एक निरपराध माणूस तेवीस दिवस तुरुंगात होता. त्याला आत घालणारा कागद वृंदा गुप्ते या बाईंनी लिहिला होता, आणि त्याला बाहेर काढणारा कागदही त्यांनीच लिहिला. त्या बाईंविषयी सांगायचं आहे.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. मी नवा फौजदार म्हणून या भागात आलो होतो. दिल्लीकडे ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब निघाल्याच्या बातम्या येऊन गेल्या होत्या, त्यामुळे बेवारशी रेडिओ दिसला की लोक रस्ता सोडून चालायचे. एके दुपारी उल्हासनगर कॅम्प दोनमधून निरोप आला. टहलराम नावाच्या सिंधी दुकानदाराच्या फळीवर कोणीतरी ट्रान्झिस्टर ठेवून गेलं होतं. आम्ही बाजार रिकामा केला. मुंबईहून बॉम्बवाले यायला तीन तास. तेवढ्यात आमचा एक हवालदार म्हणाला, "साहेब, अंबरनाथला सबनीसांच्या लॅबमध्ये एक बाई आहेत. भंगारात दारूगोळा राहिलाय का ते तपासतात. बोलवू?"

बाई रिक्षाने आल्या. पस्तिशीच्या, ठेंगण्या, सुती साडी, जाड काचांचा चष्मा, हातात लाकडी पेटी. मी म्हटलं, "बघता का जरा."

"लांबून बघते," त्या म्हणाल्या. "बंद वस्तू उघडायचं काम माझं नाही, तुमचंही नाही. उघडल्यावर आत काय आहे ते मी सांगेन."

आणि त्या खरंच समोरच्या कापडदुकानाच्या पायरीवर तीन तास बसल्या. मुंबईची माणसं आली, त्यांनी ट्रान्झिस्टर उघडला. आत बॅटरीच्या जागी पांढरी भुकटी. सगळे मागे सरकले. बाई पुढे गेल्या. पेटीतून त्यांनी चिनीमातीची एक पांढरी ताटली काढली, तिला बारा खळगे होते. चिमूटभर भुकटी, एक थेंब, दुसऱ्या खळग्यात दुसरा थेंब. रंग काही आला नाही. त्यांनी काडी पेटवून थोडी भुकटी स्पिरिटमध्ये जाळली तेव्हा ज्योत हिरवी झाली. बाईंचा चेहरा उजळला.

"बोरिक पावडर," त्या म्हणाल्या.

टहलराम गर्दीतून पुढे आला. तो रेडिओ दुरुस्तीला आलेला होता, त्याच्या भाचीने नोंद न करता फळीवर ठेवला होता. "साब, पावडर तो मैंनेच डाला. आठ दिन से पडा था, झुरळ घुसत होते." तो असाच अर्धा हिंदी अर्धा मराठी बोलायचा. तीन तास तोही आमच्याबरोबर दोरीपलीकडे उभा होता, आणि आपण टाकलेली पावडर त्याला आठवली नव्हती.

त्या दिवसापासून काही संशयास्पद दिसलं की मी बाईंना बोलवायचो. मुंबईच्या प्रयोगशाळेचा अहवाल यायला पाच-सहा महिने लागत. बाईंच्या कागदाला कोर्टात तेवढं वजन नव्हतं, पण तपास कुठल्या दिशेने न्यायचा ते कळायचं. जीपमध्ये जाता-येता त्या बोलत, त्यातून मला त्यांची माहिती होत गेली. वडील अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यात होते. लहानपणी त्या वडिलांना विचारायच्या, काडी खोक्यालाच का घासायची, भिंतीला का पेटत नाही? वडिलांनी एकदा कारखान्यातल्या केमिस्टला विचारून येऊन उत्तर दिलं, तेव्हापासून आपणही केमिस्ट व्हायचं असं त्यांनी ठरवलं. उल्हासनगरच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलं. पुढे शिकायचं होतं, पण लग्न झालं. यजमान मधुकरराव बँकेत होते. मूलबाळ नव्हतं. चौऱ्याहत्तर साली त्या सबनीसांच्या लॅबमध्ये लागल्या. पितळ, नळकांड्या, जुने ड्रम असं भंगार भट्टीत जाण्याआधी त्यात काही स्फोटक चिकटून राहिलंय का, हे बघायचं काम त्यांच्याकडे होतं. तिथे हलगर्जी झाली तर भट्टीवरचा माणूस जातो. बाईंनी बारा वर्षांत असा एकही माणूस जाऊ दिला नव्हता.

चौकशीखोर तर इतक्या, की एकदा बदलापूरच्या रस्त्यावर जीप थांबवायला लावून त्यांनी रस्त्याकडेच्या सुरुंगवाल्याला विचारलं, "सुरुंगाची कांडी हाताळल्यावर तुमचं डोकं दुखतं का?" तो आण्णा नावाचा वयस्कर माणूस होता, कर्नाटकातून येऊन इथल्या खाणींवर तीस वर्षं सुरुंग लावत होता. तो म्हणाला, "दुखतं म्हणजे काय बाई, ठणकतं. रविवारी सुट्टी झाली की सोमवारी जास्त." बाईंनी वहीत लिहून घेतलं. मला म्हणाल्या, "कांडीतलं तेलकट द्रव्य कातडीतून आत जातं. अंगाला सवय होते, सुट्टीत मोडते. पुस्तकात वाचलं होतं, आज माणूस भेटला."

शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये तो खड्डा पडला.

बारवी धरणाच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक ठाकरवाडी आहे. वाडीच्या शेतांना लागून त्या वर्षी पाण्याची मोठी पाइपलाइन नेण्यासाठी चर खणलेला होता. काम एका खाजगी ठेकेदाराचं. एका सकाळी साडेसात-आठला तिथे मोठा आवाज झाला. चराच्या काठावर माणूस मावेल एवढा खड्डा पडला आणि शेजारी रचून ठेवलेला एक पाइप चिरला. वरून फोन आला: हा घातपात आहे, ताबडतोब माणूस पकडा.

माणूस मिळायला वेळ लागला नाही. वाडीतला पदू, वय तीसेक. चरासाठी त्याच्या शेताची पट्टी गेली होती, महिन्याभरापूर्वी त्याने ठेकेदाराच्या मुकादमाशी भांडण केलं होतं. स्फोटाच्या वेळी तो खड्ड्यापासून पन्नास पावलांवर होता. मी त्याच्या झोपडीची झडती घेतली. डब्यात पांढरट दाणे सापडले. मी बाईंना बोलावलं.

बाई दुपारी वाडीवर आल्या. ऊन मी म्हणत होतं. त्यांनी ओल्या कापसाच्या बोळ्याने पदूचे दोन्ही हात पुसले, बोळा अर्धा कापून एका नळीत बंद केला, उरलेला ताटलीत पिळला. त्यावर छोट्या बाटलीतल्या औषधाचा थेंब टाकला. क्षणभर काही नाही. मग खळग्याच्या कडेने शाई सांडावी तसा गडद निळा रंग पसरला. डब्यातल्या दाण्यांचाही निळा. खड्ड्यातल्या मातीचाही निळा.

"निळा म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे नायट्रेट किंवा तसंच काही. सुरुंगाच्या दारूत असतं."

मला तेवढं पुरे होतं. बाई पुढे काहीतरी म्हणत होत्या, "खतातही असतं, मला अजून एक..." पण मी पंचनाम्याकडे वळलो होतो. मी म्हटलं, "बाई, हातावर, घरात आणि खड्ड्यात तोच रंग आलाय ना? तेवढं लिहून द्या." त्यांनी लिहून दिलं: तीनही नमुन्यांची चाचणी होकारार्थी. त्यांनी लिहिलं ते खरं होतं. मी ते जसं वाचलं तसं ते नव्हतं.

पदूची म्हातारी आई जिजा दारात बसून होती. ती एकदाच बोलली. "माजा पोरगा राब भाजत व्हता, सायब. त्यानं काय नाय केला." राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरून जाळायच्या, मग पावसाआधी तिथे बी टाकायचं. त्या भागात चैत्र-वैशाखात सगळीकडे धूर दिसतो. मी ते ऐकलं आणि लिहून घेतलं नाही. पदूला कल्याणच्या तुरुंगात पाठवलं. वरून शाबासकीचा फोन आला.

बारा दिवसांनी बाई पोलीस ठाण्यात आल्या. बोलावलं नसताना आल्या, ही पहिली वेळ. चेहरा उतरलेला होता. मी सिगारेट ओढत बसलो होतो. त्यांनी पेटी टेबलावर ठेवली.

"सावे साहेब, हात पुढे करा."

"का?"

"करा तर."

मी सिगारेट विझवून हात पुढे केला. त्यांनी बोळ्याने माझी बोटं पुसली, ताटलीत पिळली, थेंब टाकला. निळा. पदूच्या हातापेक्षा गडद निळा. खोलीतले दोघे शिपाई वाकून बघायला लागले.

"म्हणजे मीही आरोपी?" मी हसत म्हटलं. हसू नीट आलं नाही.

"तंबाखूत नायट्रेट असतं. काडीच्या गुलातही वेगळा पदार्थ असतो, त्यानेही हाच रंग येतो," त्या म्हणाल्या. "परवा घरात भिंतीला ओल धरलीय तिथे पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं. सहज थेंब टाकला. निळा झाला. माझ्या घराची भिंत. मग मी दोन दिवस दिसेल त्यावर थेंब टाकत सुटले. गंजलेली कडी, विहिरीचं पाणी, कपडे धुवायची पावडर, मधुकररावांचे बूट. कितीतरी गोष्टी निळ्या झाल्या."

"हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं?"

"पुस्तकातून माहीत होतं. कारखान्याच्या पितळेवर खत नसतं, गोठ्याची माती नसते. तिथे निळा आला की शंका खरीच असते. बारा वर्षं मी तेच करत होते, त्यामुळे वाडीवर गेल्यावर जागा बदलली आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी ब्लँक घेतली नाही."

"ब्लँक म्हणजे?"

"ज्याच्यावर संशय नाही त्याचा नमुना. पदूच्या आधी मी जिजाबाईचे हात पुसायला हवे होते. तुमचे पुसायला हवे होते. माझे स्वतःचे पुसायला हवे होते." मग म्हणाल्या, "मला वाडीवर न्या."

खरं सांगायचं तर मला न्यायचं नव्हतं. केस बंद झाल्यासारखी होती. मी म्हटलं, वरिष्ठांना विचारतो. त्या म्हणाल्या, "विचारा. मी रिक्षाने जाते." आणि पेटी उचलली. वाडीपर्यंत रिक्षा जात नाही, शेवटचे चार किलोमीटर पायी. मी जीप काढली.

वाडीवर पदूची बायको पुतळी आम्हाला बघून आत निघून गेली. जिजा उठली नाही. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "आजी, हात देता का? तुमच्या पोराच्या हातासारखाच बघायचाय." म्हातारीने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि हात दिला. निळा. पुतळी दारातून बघत होती. ती आपणहून आली, हात पुढे केला. निळा. पदूचा चुलता गोमा आला. निळा. वाडीतल्या अकरा माणसांपैकी नऊजणांचे हात निळे झाले. ज्या दोघांचे झाले नाहीत, ती नुकतीच ओढ्यावर कपडे धुवून आली होती.

बाई गोठ्यात गेल्या. भिंतीच्या तळाला मिठासारखी पांढरी किनार होती. तिथे तर थेंब पडताच ताटली काळी दिसावी इतका निळा रंग आला.

"हा सोरा," त्या मला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पुन्हा तो नेहमीचा उत्साह आला होता. "गुरांच्या मुताने जमिनीत तयार होतो. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी असाच खरवडून नेत."

गोमा म्हणाला, "राबाला गोठ्यातलीच माती, शेण नेताव आमी. सगलेच हातानं पसरताव." पदूच्या डब्यातले दाणे म्हणजे गेल्या वर्षीचं उरलेलं मिश्र खत, हेही त्यानेच सांगितलं. पोतं वळचणीला होतं. मी झडतीत ते पाहिलं होतं.

मी म्हटलं, "ठीक आहे. हात निळे होण्याला दुसरं कारण असू शकतं. पण मग खड्डा कोणी पाडला? आणि पदूच्या हाताला सुरुंगाची दारू नव्हतीच, हे कसं सिद्ध करणार?"

"त्याला थेंब पुरणार नाही," बाई म्हणाल्या. "वेगवेगळं करून बघायला लागेल."

त्यांनी ते कसं केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. काचेच्या छोट्या पट्ट्या त्यांनी लॅबमध्ये पांढऱ्या भुकटीचा पातळ थर देऊन, भट्टीत वाळवून आणल्या होत्या. पट्टीच्या तळाशी एका ओळीत ठिपके द्यायचे: एक ठिपका खड्ड्यातल्या मातीच्या अर्काचा, एक दहा पावलांवरच्या मातीचा, एक गोठ्याचा, एक पदूच्या हातावरच्या त्या जपून ठेवलेल्या अर्ध्या बोळ्याचा. मग ती पट्टी लोणच्याच्या बरणीत थोडं द्रावण घालून उभी करायची आणि झाकण लावायचं. फडक्याचं टोक पाण्यात बुडलं की पाणी वर चढतं, तसं द्रावण पट्टीवर चढतं, आणि ठिपक्यातले पदार्थ आपापल्या ओढीप्रमाणे कमी-जास्त उंचीवर जाऊन थांबतात. नंतर फवारा मारून गरम केलं की ते रंगाने दिसतात. खत जागचं फारसं हलत नाही. सुरुंगाच्या कांडीतलं तेलकट द्रव्य बरंच वर चढतं.

पण वर चढलेला ठिपका त्याच द्रव्याचा आहे हे कशावरून? त्यासाठी ओळखीचा नमुना शेजारी लागतो. तेव्हा बाईंना आण्णा आठवला. आम्ही बदलापूरजवळच्या खाणीवर जाऊन त्याला गाठलं. बाईंनी कांडी मागितली नाही, एका खड्ड्याची माती तपासायची आहे म्हणून फक्त कांडीच्या वापरून टाकलेल्या वेष्टनाचा कागद मागितला. आण्णाने तो दिला आणि सहज विचारलं, "कुठला खड्डा?"

मी सांगितलं. त्याने डोक्यावरचं फडकं काढलं आणि खाली बसला.

"तो चर मी फोडलाय साहेब. डिसेंबरात. चौदा भोकं मारली होती, तेरा आवाज मोजले. मी मुकादमाला सांगितलं, एक भोक राहिलंय, इथे हात लावू नका, मी उद्या येऊन बघतो. तो म्हणाला, तू चुकीचं मोजलंस. दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं, वरून माती लोटून दिली."

आम्ही त्याला घेऊन पुन्हा वाडीवर गेलो. खड्ड्याच्या एका बाजूला कातळ होता. आण्णाने हाताने माती बाजूला केली. कातळात उभी, अर्धगोल, हातभर लांबीची गुळगुळीत खाच होती, आतून काळवंडलेली. "हे माझं भोक," तो म्हणाला. खाचेच्या तळाशी वायरचा बोटभर तुकडा वितळून चिकटला होता. पहिल्या दिवशी मी त्याच खड्ड्यात उभा राहून पंचनामा लिहिला होता.

आणि त्या भोकापासून हातभर अंतरावर काय होतं, तर राबाची राख. चर खणताना पदूची पट्टी गेली म्हणून तो उरलेल्या जागेत, चराला अगदी खेटून राब भाजत होता. खालच्या मातीत चार महिने पडून राहिलेली कांडी वरच्या विस्तवाने तापली आणि फुटली. पदू पाणी प्यायला पन्नास पावलं लांब गेला होता म्हणून वाचला. ज्याला आम्ही घातपाती म्हणून पकडलं, तो खरं तर मरता मरता वाचलेला माणूस होता.

बाईंची बरणी जिजाच्या ओट्यावर, सावलीत ठेवलेली होती. वाडीतली पाच-सहा माणसं भोवती बसली होती. द्रावण हळूहळू चढत होतं. पुतळी म्हणाली, "मुंगला चढतो तसा चढतंय." बाई म्हणाल्या, "हलवू नका मात्र." पट्टी बाहेर काढून वाळवली, फवारा मारला, तव्यात वाळू तापवून, तवा चुलीपासून लांब नेऊन त्या वाळूवर गरम केली. आण्णाच्या कागदाचा ठिपका वर दिसला, जांभळट. त्याच रेषेत, त्याच उंचीवर खड्ड्यातल्या मातीचा. दहा पावलांवरच्या मातीच्या, गोठ्याच्या आणि पदूच्या रांगेत त्या उंचीवर काहीच नव्हतं. पांढरं.

बाईंनी पट्टी माझ्यापुढे धरली. मग पुतळीपुढे धरली आणि तिला बोटाने दाखवलं, ही तुझ्या नवऱ्याची जागा. पुतळीने विचारलं, "रिकामी हाय ती चांगली का वाईट?"

"चांगली," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्याच पट्ट्या आणखी दोनदा केल्या, एकदा तिथेच आणि एकदा लॅबमध्ये. एकदा दिसलं म्हणजे दिसलं असं आता त्यांना म्हणायचं नव्हतं.

पुढचा भाग अवघड होता. लॅबचे मालक चिंतामणी सबनीस सज्जन माणूस, पण घाबरले. मी त्यांच्या खोलीत होतो. ते म्हणाले, "वृंदाबाई, पहिला अहवाल खोटा नव्हता ना? मग दुसरा देऊ, पण पहिल्याबद्दल काही लिहू नका. भंगारवाले उद्या म्हणतील, यांची परीक्षा चुकते."

"परीक्षा चुकली नाही, मी अपुरी केली," बाई म्हणाल्या. "ते न लिहिता दुसरा अहवाल दिला तर मॅजिस्ट्रेट विचारतील, दोन्हींतला खरा कोणता?"

"नोकरीचा विचार करा."

"केलाय."

त्यांनी दीड पानी कागद लिहिला. त्यात एक वाक्य असं होतं: 'पहिल्या तपासणीच्या वेळी मी तुलनेसाठी संशय नसलेल्यांचे नमुने घेतले नाहीत, ही माझी चूक आहे.' मी आयुष्यात शेकडो अहवाल वाचले. असं वाक्य त्याआधी वाचलं नव्हतं. ते वाचल्यावर मलाही माझ्या जबाबात लिहावं लागलं की जिजाचं राबाबद्दलचं म्हणणं मी नोंदवलं नव्हतं, खताचं पोतं पाहूनही सोडलं होतं. त्याबद्दल मला वर बोलावून झापलं आणि एक वेतनवाढ रोखली. सबनीसांनी बाईंना काढलं नाही. दोन भंगारवाले दुसरीकडे गेले, आणि वर्षभरात परत आले.

पदू तेविसाव्या दिवशी सुटला. ठेकेदाराच्या मुकादमावर गुन्हा दाखल झाला, आण्णा साक्षीला उभा राहिला, दोन वर्षांनी मुकादमाला दंड झाला. पदूला सोडायला मी स्वतः जीप घेऊन गेलो, बाई बरोबर होत्या. वाडीत उतरल्यावर त्याने आधी शेताकडे पाहिलं. राब अर्धाच भाजलेला होता, तसाच पडून. पुतळी पाण्याचा तांब्या घेऊन आली, नवऱ्याला दिला. मग बाईंकडे वळून म्हणाली, "तुमीच आत घातला न् तुमीच काडला. मी काय म्हनू तुमाला?"

बाई म्हणाल्या, "काही म्हणू नको."

परतताना जीपमध्ये त्या रडल्या. मी पुढे बघत राहिलो. अंबरनाथ आल्यावर उतरताना त्यांनी विचारलं, "पदूचं डोकं दुखत होतं का हो, पहिल्या दिवशी? मी आण्णाला रस्त्यात थांबवून विचारलं, आणि पदूला विचारलंच नाही."

पुढे चार-पाच वर्षं मे महिन्यात बाई त्या वाडीवर जात. सुरुवातीला कोणी फारसं बोलत नसे. नंतर पुतळी त्यांच्यासाठी करवंदं काढून ठेवायला लागली. आपल्याला माफ केलं का, हे बाईंनी कधी विचारलं नाही. पदूशी त्यांचं बोलणं व्हायचं ते मुख्यतः खताविषयी.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये मुंबईत स्फोट झाले आणि सगळं बदललं. प्रत्येक ठाण्याला बेवारशी पिशव्यांचे दिवसाला पंधरा फोन. मी तेव्हा निरीक्षक झालो होतो. मी वरिष्ठांना सुचवलं की आपल्या माणसांना नमुना कसा घ्यायचा हे शिकवायला गुप्तेबाईंना बोलवा. त्यांचा पहिला वर्ग एका शाळेच्या हॉलमध्ये झाला, चाळीस हवालदार. बाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही. सगळ्यांना रांगेत उभं करून हात पुसले आणि बारा-बारा खळग्यांच्या ताटल्या मांडून थेंब टाकले. सव्वीस निळे. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. एक हवालदार घाबरून म्हणाला, "बाई, मी फक्त बिडी ओढली." त्यानंतरचे दोन तास कोणाला लक्ष द्या म्हणून सांगावं लागलं नाही, सगळे कान देऊन ऐकत होते. हातमोजे बदला, कोरा बोळाही सील करून पाठवा, अर्धा नमुना राखून ठेवा, रंग दिसला तर रंगच लिहा, आरोपीचं नाव लिहू नका. हे सगळं त्यांनी पुढच्या सहा वर्षांत कल्याणपासून वांगणीपर्यंत कितीतरी ठाण्यांत सांगितलं.

परदेशी यंत्रं आली, तेव्हाही त्यांना बोलावलं. हातात धरायचं, टॉर्चसारखं. पिशवीवरून पुसलेला कागद आत सरकवला की दहा सेकंदांत दिवा लागतो. विक्रेता कौतुकाने दाखवत होता. बाईंनी विचारलं, "कशाकशाला फसतं?" तो म्हणाला, फसत नाही. बाईंनी पर्समधून हाताला लावायच्या क्रीमची ट्यूब काढली, अत्तराची कुपी काढली, बुटाचं पॉलिश काढलं. अत्तराला दिवा लागला. विक्रेत्याचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, "यंत्र चांगलं आहे हो. मला फक्त ते कुठे चुकतं ते माहीत हवं." आणि त्या विक्रेत्याच्या शेजारी बसून यंत्र आतून कसं चालतं, हे पाऊण तास विचारत राहिल्या.

पण त्यांचा खरा जीव जडला तो श्वानपथकातल्या एका लॅब्रेडॉर कुत्रीवर. राणी तिचं नाव. तिचा हवालदार गुरुदत्त. सत्त्याण्णव साली बदलापूरच्या मैदानावर सराव होता. पाच पत्र्याच्या पेट्या मांडल्या होत्या, एकीत सुरुंगाच्या कांडीच्या वेष्टनाचा कागद. राणी बरोबर त्या पेटीपुढे बसली. मग कागद काढून घेतला, पेट्यांची जागा बदलली, दुसरी पेटी भरली. राणी आधी पहिल्याच, आता रिकाम्या असलेल्या पेटीपुढे बसली. गुरुदत्तने तिची साखळी ओढली, रागावला.

"रागावू नका," बाई म्हणाल्या. "ती खोटं बोलत नाहीये. वास अजून आहे तिथे. किती दिवस राहतो, ते बघू या का?"

रिकामी पेटी त्यांनी मैदानाजवळच्या खोलीत उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी आल्या, राणी बसली. तिसऱ्या दिवशी बसली. चौथ्या दिवशी बाईंना ताप होता तरी रिक्षा करून आल्या, राणी बसली. मीही एव्हाना रोज संध्याकाळी जायला लागलो होतो. सहाव्या दिवशी राणी पेटीपाशी थबकली, हुंगलं, थोडी पुढे गेली, परत फिरली आणि बसली. बाईंनी वहीत लिहिलं: सहावा दिवस, विचार करून बसली. नवव्या दिवशी ती न थांबता पुढे गेली. गुरुदत्त आनंदाने तिला बिस्किट द्यायला निघाला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "उद्या पुन्हा बघू. एक दिवस तिचं नाकही चोंदलेलं असू शकतं."